गुठळीपर्यंतची वाट

जाफराबादला केळना येऊन पूर्णेला मिळते. संगमावरच्या या तालुक्याच्या गावापासून जालना पन्नासेक किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर शंभरच्या आसपास. बाजाराला, कोर्टाला, लग्नाला माणसं या रस्त्यांनी रोज जातात-येतात आणि अंतराचं कुणाला काही वाटत नाही. पण समजा, पहाटे गोठ्याकडे निघालेल्या एखाद्या आजोबांच्या हातून बादली निसटली. उचलायला वाकले तर उजवा हात हलेना. ‘काय झालं, मामंजी?’ म्हणून सुनेनं विचारलं तर शब्द जिभेवर जड झालेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्या घडीपासून जालन्याचा रस्ता मिनिटांत मोजावा लागतो.

मोजमाप उपलब्ध आहे. लॉस एंजेलिसचे मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये ते मांडलं. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली आणि उपचार मिळाला नाही, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. तासाभराच्या प्रवासात अकरा कोटींहून जास्त.

मराठवाड्यात या दुखण्याला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, कुणी ‘लकवा मारला’ म्हणतं. लोकांना जे दिसलं त्याला त्यांनी नाव दिलं. दिसतो तो लुळा पडलेला हात, म्हणून उपचारही हातावरच होतो. तेल चोळतात, शेक देतात, कुठे कबुतराचं रक्त लावतात. हात मात्र धडधाकट असतो. बिघाड झालेला असतो डोक्यात, एखाद्या धमनीत अडकलेल्या काही मिलिमीटरच्या गुठळीमुळे. वाऱ्याच्या या जुन्या शब्दानं किती मौल्यवान तास खाल्ले असतील, या विचारानं जीव हळहळतो.

हे शहरातल्या बैठ्या माणसांचं दुखणं आहे, असा समज फार काळ होता. गडचिरोलीत तो मोडला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत काम करताना मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ खेड्यांतल्या मृत्यूंची कारणं घरोघरी जाऊन तपासली. १५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, मेंदूच्या झटक्याने झालेले निघाले. कुठल्याही एका कारणाने झालेले सर्वांत जास्त मृत्यू हेच होते. बहुतेक माणसं घरीच गेली. २०१५ मध्ये ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात हा अभ्यास आला आणि खेड्यातल्या वाऱ्याला प्रथमच भरभक्कम आकडा मिळाला.

झटका दोन तऱ्हांचा. एकात गुठळी अडकून रक्त थांबतं, दुसऱ्यात रक्तवाहिनी फुटून रक्त मेंदूत पसरतं. पहिल्याचं प्रमाण बरंच जास्त. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तोच लुळा हात, तेच वाकडं तोंड. पहिल्यावर गुठळी विरघळवणारं औषध हवं. दुसऱ्यावर तेच दिलं तर माणूस दगावू शकतो. म्हणून औषधाआधी सीटी स्कॅन लागतो आणि ते यंत्र शोधत गाडी जिल्ह्याच्या गावाकडे धावते. १०८ची रुग्णवाहिका वेळेत आली तरी तिच्यातल्या डॉक्टरला कवटीच्या आत पाहता येत नाही. जाफराबादच्या त्या आजोबांना औषधाइतकीच नजरेची गरज आहे. या प्रकरणात ज्या नॅनोकणांची गोष्ट आहे, त्यांच्याकडून शास्त्रज्ञांना या दोन्ही गोष्टी हव्या आहेत.

आधी हातात असलेल्या औषधाकडे पाहू.

जालना जिल्ह्यात मोसंबी आणि डाळिंबाच्या बागा ठिबकवर उभ्या आहेत. क्षारानं तोट्या चोंदल्या की शेतकरी नळ्यांमधून आम्ल सोडतो. ते मुख्य नळीतून सगळ्या बागेत फिरतं, चोंदलेल्या तोटीपर्यंत जातं तसंच मोकळ्या तोट्यांतूनही जातं. प्रमाण चुकलं तर मुळांना इजा होते. गुठळीवरचं औषध नेमकं असंच चालतं. गुठळीचा सांगाडा फायब्रिन नावाच्या चिवट धाग्यांचा असतो. त्या जाळ्यात तांबड्या पेशी आणि बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, अडकलेल्या असतात. हे धागे तोडणारं विकर शरीर स्वतःच तयार करतं. त्याला जागं करणारं प्रथिन म्हणजे टीपीए. प्रयोगशाळेत बनवलेलं टीपीए, अल्टेप्लेज, हातातल्या शिरेतून देतात. ते सगळ्या देहात फिरतं आणि साधारण पाच मिनिटांत त्यातलं निम्मं यकृत काढून टाकतं. म्हणून एक इंजेक्शन पुरत नाही, तासभर सलाईनमधून सोडत राहावं लागतं.

१९९५ मध्ये अमेरिकेत ६२४ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीन तासांच्या आत टीपीए मिळालेले रुग्ण तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत असण्याची शक्यता इतरांपेक्षा निदान ३० टक्क्यांनी जास्त होती. त्याच चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी ६.४ टक्क्यांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला, न मिळालेल्यांत तो ०.६ टक्के होता. तीन तासांची मुदत २००८ मध्ये साडेचारवर गेली. २०१५ नंतर मोठ्या धमनीतली गुठळी मांडीतून नळी घालून ओढून काढण्याचं तंत्रही रुळलं, पण ते मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचं काम.

या कथेत पुण्याचं नाव ठसठशीत आहे. हिंजवडीच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीनं टेनेक्टेप्लेज हे टीपीएचं सुधारलेलं रूप भारतात बनवलं. ते जास्त वेळ टिकतं, म्हणून एकाच इंजेक्शनात देता येतं. आडगावातून मोठ्या रुग्णालयात रुग्ण हलवताना ही सोय फार मोलाची. भारतात मेंदूच्या झटक्यासाठी त्याला २०१६ मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं टेनेक्टेप्लेजला याच कामासाठी होकार दिला तो २०२५ च्या मार्चमध्ये. पुण्याच्या याच कंपनीची करोनावरची एम-आरएनए लस २०२२ च्या जूनमध्ये आणीबाणीच्या वापरासाठी मंजूर झाली. ती लस पेशींपर्यंत पोचवायला स्निग्ध पदार्थाचे अतिसूक्ष्म कण वापरले होते. गुठळी फोडणारं औषध आणि औषध वाहून नेणारे नॅनोकण ही दोन्ही कौशल्यं एका छताखाली आहेत, ही महाराष्ट्राच्या दृष्टीनं लहान गोष्ट नव्हे.

नॅनोकण म्हणजे केवढा कण? एका मीटरचे शंभर कोटी भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. गुठळीच्या संशोधनात वापरले जाणारे बरेचसे कण शंभर-दोनशे नॅनोमीटरचे असतात. शंभर नॅनोमीटरचा कण ज्वारीच्या दाण्याएवढा धरला, तर रक्तातली तांबडी पेशी चांगल्या मोठ्या भाकरीएवढी होते, आकारानंही तशीच चपटी गोल. बिंबिका पुरीएवढी. आणि मेंदूकडे जाणारी तीन मिलिमीटरची मुख्य धमनी? ती होते सव्वाशे मीटर रुंदीचं नदीपात्र. त्या पात्रातून भाकऱ्यांचा आणि पुऱ्यांचा पूर वाहतो आहे आणि त्यात मूठभर दाणे सोडून ते नेमके एका बंधाऱ्याला जाऊन चिकटावेत, असं शास्त्रज्ञांना हवं आहे.

दाणे चिकटणार कसे, हे जालन्याच्या माणसाला समजावणं सोपं आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली तेव्हापासून हा बियाण्यांचा जिल्हा. पेरणीआधीची बीजप्रक्रिया इथे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. औषध सगळ्या रानात फवारण्याऐवजी बियाण्यालाच चोळायचं, म्हणजे जिथे दाणा जाईल तिथेच औषध जाईल. कणावरही असे थर चढवतात. एका थरात फायब्रिनला किंवा बिंबिकांना ओळखणारा रेणू, एकात औषध, आणि गाभ्यात क्ष-किरणांना किंवा चुंबकाला दिसेल असा धातू.

पाहण्याची बाजू फारशी चर्चेत येत नाही, खरं तर तीच जास्त रंजक आहे. साध्या सीटी स्कॅनमध्ये सांडलेलं ताजं रक्त पांढरं दिसतं, त्यामुळे रक्तस्राव कळतो. गुठळी मात्र कधी पुसटशी दिसते, कधी दिसतच नाही. आयोडीनचं औषध टोचून धमन्यांचं चित्र घेतलं तरी दिसतं ते एवढंच, की प्रवाह इथपर्यंत आला आणि थांबला. पाणी कुठे अडलं ते कळतं, बांध मातीचा आहे की दगडाचा ते कळत नाही.

दक्षिण कोरियातल्या डोंगगुक विद्यापीठाचे डोंग-ओग किम यांनी ही अडचण सोन्यानं सोडवायचं ठरवलं. सोन्याचा अणू आयोडीनपेक्षा जड, त्यामुळे तो क्ष-किरण जास्त अडवतो. त्यांच्या गटानं सोन्याच्या नॅनोकणांवर कायटोसानपासून केलेलं आवरण चढवलं. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळणारा हा पदार्थ. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं, की हे कण उंदराच्या मेंदूतल्या गुठळीत जाऊन बसतात आणि सीटीवर गुठळी स्वतःच उजळून दिसते. दोन वर्षांनी फायब्रिनला चिकटणारा रेणू जोडून त्यांनी तीच गोष्ट आणखी नेमकी केली. कण रक्तात बराच काळ फिरत राहतात, म्हणून टीपीए दिल्यावर गुठळी किती विरघळली आणि पुन्हा जमू लागली का, हेही त्याच सोन्यावरून पाहता आलं. नवं यंत्र नको, जिल्ह्यात आहे तेच सीटी चालेल, हा या कल्पनेचा मोठा गुण.

हॅम्बुर्गच्या लोकांनी मात्र यंत्रच नवं घडवलं. तिथल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत बर्नहार्ड ग्लाइख आणि युर्गेन वाइझेनेकर यांनी २००५ मध्ये चुंबकीय कणांचं थेट चित्र घेण्याची युक्ती मांडली. शरीरात टोचलेले लोहाच्या ऑक्साइडचे कण बदलत्या चुंबकक्षेत्राला उत्तर देतात आणि यंत्र फक्त तेच उत्तर ऐकतं. हाड, मांस, पाणी त्याला दिसतच नाही. क्ष-किरणही लागत नाहीत. २०१७ मध्ये उंदरांच्या मेंदूत कुठे रक्त पोचत नाही ते या पद्धतीनं दिसलं. २०१९ मध्ये हॅम्बुर्गच्याच संशोधकांनी माणसाचं डोकं मावेल एवढं यंत्र बांधून प्रतिकृतींवर तपासलं. एमआरआयसारखी खास बांधलेली खोली त्याला लागत नाही, वीज थोडी लागते, खाटेशेजारी ठेवता येईल असा त्याचा बेत आहे. रक्तस्राव ओळखण्याचे प्रयोगही त्या गटानं केले आहेत. झटक्याच्या रुग्णांपर्यंत हे अजून पोचलेलं नाही. तरीही गुठळीवरच्या साऱ्या नॅनो-संशोधनातून तालुक्याच्या रुग्णालयासाठी एकच धागा निवडायचा झाला, तर हाच निवडावा लागेल.

उपचाराच्या बाजूला सर्वांत गाजलेला प्रयोग २०१२ चा. हार्वर्डच्या ‘वीस इन्स्टिट्यूट’मध्ये नेतानेल कोरिन आणि डोनाल्ड इंगबर यांनी गुठळी ओळखण्यासाठी रसायन न वापरता प्रवाहाचा जोर वापरला. धमनी अरुंद झाली की तिथून रक्त जोरात घासत जातं, जसं पाटाच्या चिंचोळ्या तोंडातून पाणी उसळतं. बिंबिका हा जोर ओळखतात आणि तिथेच गोळा होतात. या दोघांच्या गटानं नॅनोकणांचे बिंबिकेएवढे लाडू वळले आणि त्यांना टीपीए लावलं. मोकळ्या धमनीत लाडू अखंड राहतो. चिंचोळ्या जागी तो फुटतो आणि मोकळे झालेले कण तिथल्या गुठळीला लगडतात. उंदरांत नेहमीच्या मात्रेच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी टीपीएनं काम झालं. मात्रा कमी म्हणजे इतरत्र रक्तस्रावाचा धोकाही कमी. सगळ्या बागेत आम्ल फिरवण्याची गरजच उरत नाही.

यात एक खोच होती आणि ती फार शिकवणारी आहे. धमनी पुरती बंद झाली असेल तर तिथून रक्त वाहतच नाही. वाहत नाही म्हणजे जोर नाही, आणि कण तिथवर पोचायलाही मार्ग नाही. पुरती चोंदलेली ठिबकची नळी असो की धमनी, औषध अलीकडच्या फाट्यावरून दुसरीकडे निघून जातं. शेतकरी अशा वेळी नळीचं शेवटचं टोक उघडून पाणी वाहतं करतो. २०१५ मध्ये सशांच्या धमन्यांत संशोधकांनी तेच केलं. आधी जाळीदार नळीनं गुठळीतून बारीकशी वाट पाडली. थोडं रक्त वाहू लागलं, जोर तयार झाला, मग लाडू सोडले आणि ते फुटून कामाला लागले.

इतर वाटाही शोधल्या जात आहेत. पॅरिसच्या संशोधकांनी तपकिरी समुद्री शेवाळातून मिळणारं फ्युकॉयडन कणांवर चढवलं, कारण ते चेतलेल्या बिंबिकांना घट्ट धरतं. त्यावर टीपीए लादून २०१८ मध्ये त्यांनी उंदरांतल्या गुठळ्या विरघळवल्या. मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटीत रासायनिक अभियांत्रिकी शिकलेले आणि आता हार्वर्डमध्ये असलेले समीर मित्रगोत्री यांनी अनिर्बन सेन गुप्ता यांच्या गटासह २०१४ मध्ये बिंबिकेसारखेच चपटे, लवचीक कण घडवले. चेंडूसारखा गोल कण प्रवाहाच्या मधोमध वाहून जातो, चपटा कण भिंतीकडे सरकतो आणि जखमेच्या जागी टेकतो, हे त्यामागचं निरीक्षण. ते कण रक्त थांबवण्यासाठी होते. पुढे सेन गुप्ता यांच्याच प्रयोगशाळेनं २०१७ मध्ये उलट कामाचे कण केले. ते गुठळीला चिकटतात, आणि गुठळीतलं एक विकर त्यांचं कवच उघडतं.

त्या कवचात भरलेलं औषध होतं स्ट्रेप्टोकायनेज. ही निवड लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्ट्रेप्टोकायनेज स्वस्त, भारतातल्या हृदयरुग्णांच्या ओळखीचं. मेंदूच्या झटक्यात मात्र १९९० च्या दशकातल्या चाचण्या रक्तस्रावामुळे थांबवाव्या लागल्या आणि ते बाद झालं. मोकाट सोडल्यावर घातक ठरलेलं हे औषध कवचात बंद होऊन फक्त गुठळीपाशी उघडलं, तर महागड्या टीपीएला गरिबाच्या खिशाला परवडणारा पर्याय उभा राहू शकतो.

वाहत्या रक्ताच्या भरवशावर न राहता कण ओढत नेण्याचाही मार्ग आहे. झुरिकच्या ईटीएच संस्थेत ब्रॅडली नेल्सन यांच्या गटानं २०२५ मध्ये जिलेटिनची बारीक गोळी दाखवली. तिच्यात लोहकण आहेत, ते चुंबकासाठी. टँटलमचे कण आहेत, ते क्ष-किरणांत दिसण्यासाठी. आणि सोबत औषध. बाहेरून चुंबकानं ती धमन्यांच्या फाट्यांतून वळवत नेतात आणि ठिकाणावर पोचली की लोहकण तापवून गोळी विरघळवतात. डुकरांमध्ये तिची चाचणी झाली आहे.

उंदीर, ससा, डुक्कर. या यादीत माणूस अजून आलेला नाही, हे वाचकाच्या ध्यानात आलंच असेल. मेंदूच्या झटक्यासाठी असं एकही नॅनो-औषध आजवर बाजारात आलेलं नाही. कारणं खरीखुरी आहेत. टोचलेल्या कणांवर रक्तातली प्रथिनं लगेच पुटं चढवतात आणि ओळखीचा रेणू त्याखाली झाकला जातो. बहुतांश कण यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. लोह शरीर पचवतं, सोनं वर्षानुवर्षं पेशींत पडून राहू शकतं. शिवाय प्रयोगातला उंदीर तरणा आणि निरोगी असतो, त्याची गुठळी ताजी असते. माणसाच्या धमनीत मधुमेह, रक्तदाब आणि तंबाखूनं वीस-तीस वर्षं काम केलेलं असतं. २००६ मध्ये संशोधकांनी मोजलं तेव्हा झटक्यावर प्रयोगशाळेत तपासलेले १०२६ उपचार सापडले होते. त्यातले नेहमीच्या उपचारात आले ते बोटांवर मोजण्याइतके.

तोवर रस्ता कमी करण्याचे इतर मार्ग थांबलेले नाहीत. जर्मनीत क्लाउस फासबेंडर यांनी रुग्णवाहिकेतच सीटी स्कॅन बसवून दाखवला. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं आसामात दिब्रुगड आणि तेजपूरला अशा गाड्या चालवल्या. पूर्णेच्या खोऱ्यातून अशी एखादी गाडी धावू लागली, तर कणांच्या आधी ती कितीतरी जीव वाचवेल.

आजोबांना घेऊन गाडी जालन्यात पोचली, की डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘यांना शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं?’ साडेचार तासांची मुदत तिथून मोजतात. सून म्हणते, रात्री जेवताना बोलत होते. पहाटे बादली निसटली खरी, पण त्याआधी झोपेतच काही झालं होतं का, हे घरात कुणालाच माहीत नसतं, आणि अशा शंकेपायी कितीतरी रुग्णांचं औषध हुकतं. गुठळी जमू लागते तेव्हा रक्तातला तेरावा घटक फायब्रिनचे धागे एकमेकांत गुंफत असतो आणि गुठळी शिळी झाली की ते काम मंदावतं. त्या चालू घटकालाच ओळखून धरणारे रेणू प्राण्यांवर तपासले गेले आहेत. ते कणांवर चढवून मेंदूच्या चित्रात आणता आले, तर गुठळी ताजी की शिळी हे सुनेला विचारावं लागणार नाही, गुठळीलाच विचारता येईल.